बेरिंगचा गाडा बांधायचाय? ब्रेकपासून सुरुवात करा

१० एप्रिलच्या आसपास शाळेचे निकाल लागले की बेळगावच्या गल्ल्यांत दुपारी एक कडकडाट सुरू व्हायचा. वडगाव, शहापूर, अनगोळ, कुठंही जा, सिमेंटच्या रस्त्यावरून लोखंडी बेरिंगं पळायचा तो आवाज. बेरिंग म्हणजे यंत्रातली एकात एक दोन कडी, मध्ये गोळ्या, आणि चाकांच्या जागी तीच लावलेला फळीचा गाडा. जेवून आडवी झालेली म्हातारी माणसं उठून शिव्या घालायची, मराठीत आणि कन्नडमध्येही. गाड्यावरचं पोरगं ओरडत यायचं, “दारी बिडो, दारी बिडो!” म्हणजे वाट सोडा. पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या मावसभावाला ते ‘दारी’ ऐकून वाटलं, कुणाच्या तरी दारात काहीतरी झालंय. तो दाराकडं बघत उभा राहिला आणि गाडा त्याच्या पायावरून जाता जाता वाचला.

आता तो आवाज फारसा येत नाही. पण परवा भाचा कुठल्याशा रिसॉर्टमध्ये गो-कार्ट चालवून आला आणि म्हणाला, “मामा, घरी बांधता येतो काय असला?” इंजिनाचा नाही, पण उतारावरचा येतो की. इंजिनाचा पहिला गो-कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं बांधला, गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून. त्याच्याही आधी, १९३४ पासून, अमेरिकेत पोरांनी घरी केलेल्या बिनइंजिनाच्या गाड्यांची उतारावरची मोठी शर्यत भरते. आमचा गाडा ह्या दुसऱ्या घराण्यातला. मोटर म्हणून फक्त उतार.

भाच्यासाठी आणि त्याच्यासारख्या पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बेरिंग कुठं मिळतील हे सगळे आधी विचारतात. ब्रेक कुठं लावायचा हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला, उतार संपतो तिथं, शेजारच्या आक्कांनी वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या वाळत घातल्या होत्या. एका चादरीवर ब्याडगी, रंगासाठी, आणि दुसरीवर संकेश्वरी, तिखटासाठी. माझ्या गाड्याला ब्रेक म्हणजे पायातली स्लीपर, आणि ती वाटेतच निसटली. ब्याडगीत पडलो असतो तर एक वेळ निभावलं असतं. मी गुडघे सोलून संकेश्वरीत गेलो. आक्कांनी आधी मला हौदापाशी बसवून तासभर पाणी ओतलं, मग दोन दिवस बसवून मिरच्यांतले खडे निवडून घेतले.

म्हणून ह्या लेखात ब्रेकला जागा जास्त आहे.

बेरिंग: भंगारात काय बघायचं

नवी बेरिंगं घेऊ नका, पैसे वाया जातात. आमच्याकडं भंगाराला गुजरीही म्हणतात. (कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोन्याची पेठ. तिकडच्या पाहुण्याला “गुजरीतनं आणलंय” म्हटलं तर घोटाळा होतो.) बेळगावात उद्यमबागेचे कारखाने, फाउंड्र्या, गॅरेजं असल्यामुळं जुनी बेरिंगं कधीच कमी पडली नाहीत. निपाणी, चिकोडी, अथणीकडं राहत असाल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं जा. उसाच्या पट्ट्यात शेतीपंपाच्या मोटरी सारख्या जळतात, आणि मोटर दुरुस्तीला आली की बेरिंग बहुतेक बदललं जातं. काढलेलं त्याच्या कोपऱ्यातल्या डब्यात पडलेलं असतं. गोड बोलून मागितलं तर मिळतं.

बेरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. तो वाचायला शिका. शेवटच्या दोन आकड्यांना ५ नं गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. ६२०५ म्हणजे ०५ गुणिले ५, भोक २५. ६३०६ म्हणजे भोक ३०. हा हिशेब ०४ पासून पुढं लागू होतो. ०३ चं भोक १५ नसून १७ असतं, तिथं फसू नका.

पहिल्या गाड्याला मागं दोन ६३०६ आणि पुढं दोन ६३०५ घ्या. ६३०६ चं बाहेरचं माप ७२ मिलिमीटर, ६३०५ चं ६२. ह्याहून बारीक का नको, ते मी स्वतः फसून शिकलोय. माझा पहिला गाडा ६२०५ चा होता, म्हणजे बाहेरून ५२ मिलिमीटर. दांडा, म्हणजे ज्याच्या दोन टोकांना बेरिंगं बसतात ते आडवं लाकूड, घेतला २ इंची, म्हणजे जवळजवळ ५० मिलिमीटरचा. आता मांडा हिशेब: दांड्याच्या मध्यापासून चाक खाली २६ जातं आणि लाकूड खाली २५. जमीन आणि दांडा ह्यांच्यात एक मिलिमीटर! वाटाण्याएवढा खडा आला की गाडा जागच्या जागी बसायचा, आणि आम्ही बेरिंगला तेल पाजत बसायचो.

बेरिंग निवडताना आतलं कडं बोटात धरून बाहेरचं फिरवा. थोडा खरखर आवाज चालतो, आतली घाण धुऊन निघते. पण फिरताना मध्येच अडकत असेल, किंवा बाहेरच्या कड्याला बारीकसा टवका उडालेला दिसत असेल, तर ते परत टाका. बेरिंग मुळात चाक म्हणून केलेलं नसतं. त्याचं पोलाद कडक असतं आणि दगडावर आपटून तडकू शकतं. टवका तिथूनच वाढतो.

धुवायला डिझेल वापरा, आणि हे काम मोठ्यांनी करा. जुना टूथब्रश लागतो. धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं ते गरगरा फिरवायची हौस भल्याभल्यांना होते. ती करू नका, तसं फिरलेलं बेरिंग फुटून उडू शकतं. उन्हात वाळवा, बोटाच्या टोकाएवढं ग्रीस भरा, बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ, आणि धूळ मिसळलेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं घासतं.

लाकूड

बसायला एक फळी: ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, अडीच जाड. एवढी रुंद मिळाली नाही तर दोन फळ्या शेजारी ठेवून खालून आडव्या पट्ट्या मारा. खोक्याचं लाकूड फळीला चालतं, दांड्याला नाही. दांड्याला सागाचा किंवा बाभळीचा तुकडा हवा, गाठ नसलेला. वखारीत कापून उरलेले तुकडे असतात, त्यात मिळतो. मागचा दांडा ६० सेंटिमीटर, पुढचा ५०. दोन्हींची उंची ४ सेंटिमीटर, रुंदी ६.

खिळ्यांवर भागवू नका. कडकडाटानं खिळे आठवड्यात सैल होतात. मागचा दांडा चार बोल्टनं फळीला आवळा.

दांड्याचं टोक: इथं घाई करणाऱ्याचा गाडा चालत नाही

आमच्या गल्लीत एक निवृत्त फिटर काका होते. कुठलाही गाडा समोर नेला की ते चाक फिरवून बघायचे नाहीत, आतल्या कड्याला नख लावायचे. नखानं ते हललं तर म्हणायचे, “हे चाक नव्हं, हे दांडा कोरायलंय.” मुद्दा एवढाच की बेरिंगचं बाहेरचं कडं फिरायला हवं आणि आतलं लाकडात घट्ट रुतलेलं हवं. आतलंच लाकडावर फिरायला लागलं तर दोन दिवसांत टोक झिजतं, काळं पडतं आणि चाक लडबडतं.

टोक असं कोरा. दांड्याच्या शेवटी चारही बाजूंना रेघ मारून करवतीनं थोडं थोडं आत जा, पटाशीनं चौकोन बारीक करा, मग कोपरे उडवून अष्टकोन, मग कानशीनं गोल. एकदम गोल करायला गेलात की वाकडं होतंच. ६३०६ साठी टोक ३० चं हवं, पण ३१ वर थांबा आणि पुढच्या टोकाकडं किंचित निमुळतं करा. बेरिंग हातानं अर्ध्यापर्यंत जावं आणि पुढं ठोकावं लागावं, तेवढं.

आणखी एक गोष्ट नवा माणूस हमखास विसरतो. बेरिंग आत सरकून जिथं थांबतं तिथं सरळ दांड्याची सपाट भिंत ठेवलीत, तर बाहेरचं कडंही लाकडाला घासतं आणि गाडा ढकलूनही जात नाही. म्हणून दोन पायऱ्या कोरा: आधी ३६ मिलिमीटर जाडीची, तीन-चार मिलिमीटर रुंद छोटी पायरी, मग ३० चं टोक. आतलं कडं त्या छोट्या पायरीला टेकतं आणि बाहेरचं मोकळं राहतं. ६३०५ साठी हीच मापं ३० आणि २५.

ठोकताना हातोडा थेट बेरिंगवर मारू नका. बाहेरच्या कड्यावर मारलेला घाव आतल्या गोळ्यांवर बसतो आणि बेरिंग खड्डे पडून खरखरायला लागतं. आतल्या कड्याएवढ्या पाइपचा तुकडा त्यावर टेकवा आणि पाइपवर ठोका. बेरिंग बसल्यावर लाकडाच्या टोकाला करवतीनं दोन सेंटिमीटर चीर पाडून त्यात सुक्या लाकडाची पाचर मारा, आणि शेवटी रुंद वायसर लावून एक स्क्रू. कुऱ्हाडीचा दांडा बसवतात तीच युक्ती.

लाकूड सुकं असू द्या. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर बसवलेलं बेरिंग एप्रिल-मेच्या उन्हात आपोआप सैल होतं.

ओळखीचा लेथवाला असेल तर लोखंडी दांडा टर्निंग करून, म्हणजे यंत्रावर कातून, घेता येतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. पण पहिला गाडा लाकडाचाच करा, असं मी सांगेन. लेथवाल्याकडून आणलेल्या दांड्यानं कुणाला पायरी समजलेली मी बघितली नाही.

पुढचा दांडा आणि वळण

फळीच्या पुढच्या टोकापासून १० सेंटिमीटर आत, बरोबर मध्यावर १२ मिलिमीटरचं भोक पाडा, तसंच दांड्याच्या मध्यावर. १२ चा, १० सेंटिमीटर लांबीचा बोल्ट खालून वर, डोकं दांड्यात बुडवून, नाहीतर ते जमिनीला घासेल. फळी आणि दांड्यामध्ये दोन रुंद वायसर, त्यांच्यात थोडं ग्रीस. वर एकावर एक दोन नट आवळा. एकच नट असेल तर तो फिरत फिरत निघतो, आणि निघतो तो नेमका उतारावर.

पाय दांड्याच्या दोन टोकांवर ठेवायचे. डावा पाय पुढं रेटला की गाडा उजवीकडं वळतो, सायकलच्या हँडलसारखंच. सुरुवातीला डोकं गोंधळतं, म्हणून सपाटीवर कुणालातरी मागून ढकलायला लावून सवय करा. दांड्याच्या टोकांना बांधलेली दोरी गाडा ओढत वर न्यायला कामाला येते. वडगावात आम्ही यंत्रमागाच्या मोटरचा जुना पट्टा कापून लावायचो, तो हाताला काचत नाही.

दांडा किती वळू द्यायचा ह्यालाही मर्यादा हवी. पूर्ण आडवा फिरला की गाडा उलटतो. फळीच्या खाली दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे मारा, म्हणजे दांडा थोडासाच वळून अडेल. गल्लीत तेवढं वळण पुरतं.

ब्रेक

लोखंडी चाकाला रस्त्यावर पकड नसते. चाक अडवलं तरी ते सिमेंटवरून घसरत जातं. म्हणून ब्रेक चाकाला लावायचा नाही, रस्त्यावरच दाबायचा.

४५ सेंटिमीटर लांबीच्या दोन मजबूत काठ्या घ्या, साधारण ५ बाय ३ सेंटिमीटर जाडीच्या. मागच्या दांड्याच्या थोडं पुढं, फळीच्या दोन्ही कडांना एकेक काठी बोल्टवर अशी बसवा की ती पुढं-मागं डुलेल. बोल्टच्या वरचा भाग लांब, तो हातात धरायचा. खालचा भाग बोल्टपासून जमिनीपर्यंतच्या उंचीपेक्षा तीनेक सेंटिमीटर जास्त ठेवा. त्याच्या तळाला स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा, नक्षी बाहेर करून, स्क्रूनं घट्ट मारा. स्क्रूची डोकी रबरात बुडाली पाहिजेत, नाहीतर ती रस्ता खरवडतात आणि पकड जाते.

आता काठी कुठल्या बाजूला कलती ठेवायची? मूठ पुढं आणि खालचं टोक मागं, वर उचललेलं. मूठ मागं ओढली की खालचं टोक जमिनीवर येऊन दाबतं. सोडली की रस्ताच त्याला मागं ढकलून मोकळं करतो. उलट बसवली, म्हणजे खालचं टोक पुढं, तर ते रस्त्यात रुततं आणि गाडा तुम्हाला उचलून पुढं फेकतो. हे मी पाहिलंय. त्या पोराचे पुढचे दोन दात आजही खोटे आहेत आणि तो आता त्यावर हसतो, पण त्या दिवशी हसत नव्हता.

एरवी काठी वर राहावी म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधा. काठ्या दोनच हव्यात. एकाच बाजूला ब्रेक असला की गाडा त्या बाजूला फिरतो. दोन्ही मुठी सारख्या ओढायच्या, पाय वळणावर. दोरी फळीला गुंडाळून ठेवा, उतरताना तिचं काही काम नाही.

उतार

मातीच्या रस्त्यावर बेरिंग चालतच नाही. खानापूरकडचा लाल जांभा असो की अथणीकडची काळी माती, ते अरुंद कडं रुततं. मेच्या उन्हात डांबर मऊ होतं, तिथंही गाडा जड जातो. गुळगुळीत सिमेंटचा रस्ता सगळ्यात बरा. इंटरलॉकच्या फरशांवर मात्र दात वाजतात.

ओव्हरब्रिजचा उतार किंवा राजहंसगडाचा रस्ता बघून हात शिवशिवतील. तिथं जायचं नाही. वाहनं येणारा कुठलाही रस्ता नको. सोसायटीचं आवार, बंद गल्ली, सुट्टीतलं शाळेचं पटांगण विचारून घ्या. उतार संपल्यावर पुढं निदान उताराएवढीच मोकळी सपाटी हवी, आणि शेवटी भिंत, गटार, हौद नको.

किती उंचीवरून सुटायचं, ह्याचा अंदाज डोळ्यानं चुकतो. गवंडी लेव्हलसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिनं मोजा. एक मीटर उंचीवरून सुटलात आणि कुठंच घर्षण नसलं, तर खाली वेग ताशी १६ किलोमीटर होतो. दोन मीटरला साडेबावीस, चार मीटरला ३२. प्रत्यक्षात बेरिंगचा खडखडाट बराच वेग खातो, पण आकडा वरचाच धरून चाला, कारण वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. पहिल्या दिवशी अर्ध्या मीटरच्या वर जाऊ नका. दर फेरीला ब्रेक ओढल्यापासून थांबेपर्यंतची पावलं मोजा आणि खडूनं रस्त्यावर रेघ मारा. ती रेघ बघूनच पुढच्या फेरीला किती वर जायचं ते ठरवा.

हेल्मेट, बूट, पूर्ण पँट. हात मुठींवर, कधीही फळीच्या कडेखाली नाही. बोटं बेरिंगमध्ये जायला डोळा लवायचाही वेळ लागत नाही. मागं ढकलणाऱ्यानं उतार लागला की सोडून द्यायचं, लटकायचं नाही. खाली एक जण उभा राहील, तो हात वर करेपर्यंत वरचा सुटणार नाही. दुपारी दोन ते चार गाडा बंद. हा नियम सुरक्षेचा नाही, शेजारधर्माचा.

नंतर

दर दहा-बारा फेऱ्यांनंतर सगळे नट हातानं चाचपा, आतल्या कड्याला नख लावून बघा, ब्रेकचं रबर किती उरलंय ते बघा. कडं सैल वाटलं तर पाचर आणखी ठोका. पाचरीनंही भागेना तर कापडाची पट्टी गुंडाळून परत बसवा. रबर गुंडाळू नका, ते दबतं आणि कडं पुन्हा हलतं.

वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर बेळगावात फिरतात. त्या आठवड्यात आमचा गाडा उतारावर जायचा नाही. फळीवर पुठ्ठ्याचा बुरूज उभा राहायचा, धाकट्या भावाला फेटा बांधून त्यात बसवायचा, आणि मोठ्या मिरवणुकीआधी संध्याकाळी आमची मिरवणूक गल्लीतून निघायची. ओढायला सहा जण. असं काही करणार असाल तर बुरूज बोल्टनं नको, सुतळीनं बांधा, म्हणजे फळीला भोकं पडत नाहीत. आणि ब्रेकच्या काठ्या त्या दिवशीही काढू नका, वर बसलेलं पोर लहान असतं.

जूनमध्ये पाऊस लागायच्या आत बेरिंगं पुसून, तेलाचं फडकं गुंडाळून गाडा माळ्यावर टाका, चाकं वर करून. दसऱ्याच्या सुट्टीत उतरवाल तेव्हा आधी पाचरी बघा. आणि उन्हाळ्यात पहिल्या फेरीआधी उतार खालपर्यंत एकदा चालत जाऊन या, मिरच्या कुणी घातल्यात का ते बघायला.